हिशेबात न बसणारा पल्सर

ज्या पल्सरच्या हिशेबात माझ्या कामाची बरीच वर्षं गेली, तो नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला दिसत नाही. पीएसआर बी१२५९-६३ हे त्याचं नाव म्हणजे खरं तर आकाशातला पत्ता: विषुवांश १२ तास ५९ मिनिटं, क्रांती उणे ६३ अंश. नरतुरंग तारकासमूहात, त्रिशंकूच्या अगदी कडेला. नारायणगावच्या आकाशात तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम ७ अंश चढतो आणि मावळतो. जीएमआरटीच्या तीस डिशा १७ अंशांच्या खाली झुकतच नाहीत. पल्सरची वेळ मोजायला मी त्या डिशांच्या आकड्यांवर शिकले, पण गळ्यात पडला तो हा दक्षिणेचा. त्यामुळे पुण्यात बसून ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीचे आकडे चाळत राहणं हा माझा उद्योग. तिथली निरीक्षणं साधारण अठरा महिन्यांनी सर्वांसाठी खुली होतात. ही पद्धत नसती तर माझ्यासारखीला हा पल्सर कागदावरच भेटला असता.

वेळ मोजतात कशी, ते आधी सांगते. पल्सर हा न्यूट्रॉन तारा: सूर्याहून जास्त वस्तुमान, आणि व्यास वीस-पंचवीस किलोमीटर. तो स्वतःभोवती फिरताना त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून गेला की एक स्पंद येतो. एकटा स्पंद बहुधा गोंगाटात बुडालेला असतो. म्हणून हजारो स्पंद एकावर एक रचून त्यांची सरासरी आकृती काढायची, ती ठरलेल्या नमुन्यावर बसवायची आणि त्या निरीक्षणातल्या एका स्पंदाची पोचण्याची वेळ अणुघड्याळावर नोंदवायची. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे या वेळेत वर्षभरात आठ मिनिटांपर्यंत पुढेमागे होतं. तो भाग काढून टाकण्यासाठी वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर नेऊन मांडायची. मग आपल्या गणिताने वर्तवलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांची वजाबाकी. जे उरतं त्याला आम्ही रेसिड्युअल म्हणतो. आमची सगळी कमाई या उरलेल्यातली.

यातली खरी जोखीम फेऱ्यांच्या मोजणीत आहे. बी१२५९-६३ एका फेरीला ४७.७६ मिलिसेकंद घेतो, म्हणजे दिवसाला अठरा लाखांवर फेऱ्या. दोन निरीक्षणांमध्ये महिना गेला तरी मधल्या काळात किती फेऱ्या झाल्या, तो पूर्णांक एकनेही चुकून चालत नाही. पल्सर एकटा असेल तर हे जमून जातं. तो दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरत असेल, तर दर पंधरा दिवसांनी नेमाने पत्र लिहिणारा माणूस न सांगता गावं बदलत राहावा, तसं होतं. पत्राला लागलेल्या उशिरावरून तो कुठे पोचला ते आपण काढायचं. बी१२५९-६३ च्या बाबतीत कक्षेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंमधला हा फरक अर्ध्या तासाहून जास्त आहे, आणि आम्ही वेळ मोजतो ती मिलिसेकंदाच्या अंशात. कक्षा इतकी स्पष्ट दिसते, त्याचं कारण हेच.

जोड्यांमधले सर्वांत नावाजलेले पल्सर म्हणजे ज्यांचा जोडीदारही आटोपशीर असतो ते. रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना १९७४ मध्ये सापडलेल्या बी१९१३+१६ चा जोडीदार दुसरा न्यूट्रॉन तारा आहे. गणिताच्या दृष्टीने दोन्ही निव्वळ बिंदू. त्यांची पावणेआठ तासांची कक्षा वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी आखडते, गुरुत्वलहरींनी ऊर्जा वाहून नेल्यावर जितकी आखडायला हवी तितकीच. १९९३ चं नोबेल त्यावर मिळालं. ते काम सुंदर आहे, यात शंकाच नाही. पण आपल्या क्षेत्राबद्दल लिहिताना सगळे तिथेच थांबतात, याची मला थोडी चीड येते. जोडीदार बिंदू नसेल तेव्हा काय होतं? तो फुगीर, तापट, वारा सोडणारा, स्वतःभोवती भन्नाट फिरणारा तारा असेल तर? त्या पल्सरवर आइन्स्टाइनची परीक्षा घेता येत नाही, मान्य. पण ताऱ्याच्या पोटात शिरायची दुसरी इतकी सरळ वाट मला माहीत नाही.

बी१२५९-६३ दक्षिण आकाशातल्या आकाशगंगेच्या पट्ट्याची पाहणी करताना पार्क्सला सापडला आणि १९९२ मध्ये सायमन जॉन्स्टन व सहकाऱ्यांनी तो जाहीर केला. त्या पाहणीसाठी त्यांनी दीड गिगाहर्ट्झच्या आसपासची, तेव्हाच्या मानाने वरची वारंवारता निवडली होती. खालच्या वारंवारतेला मधला वायू स्पंद फिसकटून टाकतो. पल्सरच्या जागी दृश्य प्रकाशात दहाव्या प्रतीचा एक तारा होता. त्याचं आजचं प्रचलित नाव एलएस २८८३. ज्याच्याभोवती रेडिओ स्पंद देणारा पल्सर फिरतो आहे असा मोठा, तरुण, जळता तारा त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

कक्षेचा काळ १,२३६.७ दिवस, म्हणजे सुमारे ३.४ वर्षं. आकार अतिशय लांबुळका, विकेंद्रता ०.८७. पल्सर जवळच्या टोकाला येतो तेव्हा दोघांत पृथ्वी-सूर्याहून थोडंच कमी अंतर असतं, आणि लांबच्या टोकाला शनीच्या कक्षेपलीकडचं. जवळच्या टोकाला तो सेकंदाला दोनशेच्या आसपास किलोमीटर वेगाने सुसाटतो, लांबच्या टोकाला पंधरा-सोळा किलोमीटरवर रेंगाळतो. परिणामी कक्षेतला जवळजवळ सगळा काळ दूर, काही न घडता जातो, आणि जे घडायचं ते दोन-तीन महिन्यांत.

जोडीदार किती जड हे टायमिंग, म्हणजे ही वेळमोजणी, एकट्याने सांगत नाही. वेळेवरून मिळतो तो एक मिश्र आकडा, इथे १.५३ सौर वस्तुमान. त्यात कक्षेचा कल अडकलेला असतो. कक्षा आपल्याला कडेने दिसते असं धरलं तर जोडीदार सूर्याच्या तिप्पट ठरतो; कल कमी, तसा तो जड. हा कल कळला तो वेगळ्याच वाटेने. ऑस्ट्रेलियाभर विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून पल्सरचं आकाशातलं सरकणं मोजलं गेलं आणि २०१८ मध्ये आकडे आले: अंतर सुमारे साडेआठ हजार प्रकाशवर्षं, जोडीदाराचं वस्तुमान सूर्याच्या पंधरा ते एकतीस पट. एवढा मोठा पट्टा वाचून बाहेरच्या माणसाला हसू येतं. आम्हाला आलं नाही.

एलएस २८८३ इतक्या वेगाने स्वतःभोवती फिरतो की तो विषुववृत्तावर फुगला आहे आणि तिथून निसटलेल्या वायूची एक तबकडी त्याच्याभोवती पसरलेली आहे. ही तबकडी पल्सरच्या कक्षेच्या प्रतलात नाही, तिरकी आहे. म्हणून प्रत्येक खेपेला पल्सर ती दोनदा ओलांडतो, जवळच्या टोकाआधी एकदा आणि नंतर एकदा. आधी वायूमुळे खालच्या वारंवारतेचे स्पंद वरच्यांपेक्षा जास्त उशिरा यायला लागतात. हा जादा उशीर काही आठवड्यांत कित्येक मिलिसेकंदांवर जातो. तबकडीतल्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवीकरणाची दिशा गरागरा वळते. मग टोकाच्या पंधरा-वीस दिवस आधी स्पंद थांबतात, आणि साधारण तेवढेच दिवस उलटले की परत येतात. म्हणजे कक्षा सर्वांत जास्त वळते, ताऱ्याची ओढ सर्वांत कडक असते, नेमका तेव्हाच आमच्या तक्त्यात एकही नोंद नसते. पुढची खेप २०२७ च्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येईल. म्हणजे स्पंद बंद पडायची वेळ त्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपासची. फराळाला बोलावणाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

रेडिओ स्पंद थांबले तरी बाकीचं आकाश गप्प नसतं. पल्सरचा कणांचा वारा ताऱ्याच्या वाऱ्यावर आदळतो आणि त्या धक्क्यातून क्ष-किरण आणि गामा किरण निघतात. २००४ च्या खेपेला नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी तिथून अतिउच्च ऊर्जेचे गामा किरण टिपले. २०१०-११ च्या खेपेला फर्मी उपग्रहाला एक वेगळाच भडका दिसला. तो आला टोकाच्या महिनाभर नंतर, तबकडी ओलांडून झाल्यावर, सगळं शमायला हवं होतं तेव्हा. त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण अजून नाही. पण तो माझा प्रांत नव्हे.

माझा प्रांत म्हणजे उरलेले फरक, आणि ते पहिल्यापासून त्रास देत आले. साध्या केप्लरच्या लंबवर्तुळावर बी१२५९-६३ ची वेळ बसतच नव्हती. दर खेपेनंतर काहीतरी सरकलेलं असायचं. कारणं सुचायला वेळ लागला नाही. एक: टोकाशी ताऱ्याचा वायू पल्सरला ब्रेक लावत असेल. दोन: फुगीर ताऱ्यामुळे कक्षाच हळूहळू वळत असेल, गोल नसलेल्या पृथ्वीभोवती उपग्रहांच्या कक्षा वळतात, त्याचाच हा मोठा अवतार. नॉर्बर्ट वेक्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे गणित नीट मांडलं. तीन: पल्सरच लहरी असेल. तरुण पल्सरांच्या फिरण्यात एक अनियमितपणा असतो, आणि कधीकधी ते अचानक किंचित वेग पकडतात. त्याला ग्लिच म्हणतात.

१३ वर्षांच्या नोंदी आणि चार खेपा जमल्यावर, २००४ मध्ये वांग, जॉन्स्टन आणि डिक मँचेस्टर यांनी सगळा हिशेब पुन्हा मांडला. माझ्या मते आमच्या शाखेतला हा सर्वांत शिकण्यासारखा लेख आहे, आणि तो उत्तरासाठी नव्हे. ब्रेकची कल्पना त्यांनी बाजूला ठेवली: तसा पदार्थ पल्सरपर्यंत पोचत असता तर क्ष-किरणांत जी खूण दिसायला हवी होती, ती दिसत नव्हती. सावकाश वळणारी कक्षा सगळ्या नोंदींना पुरत नव्हती. मग उत्तम बसलं काय? ऑगस्ट १९९७ मधला एक छोटा ग्लिच, आणि प्रत्येक खेपेला कक्षेच्या दिसणाऱ्या आकारात एक झटका. वक्र इतका छान बसला की फरक जवळजवळ नाहीसे झाले. आणि त्याच लेखात त्यांनी लिहिलं की असे झटके कशामुळे बसावेत याचं कोणतंही पटणारं कारण आम्हाला सापडत नाही. उत्तम बसणारं गणित हातात असताना ते लेखकच त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मी हा लेख पहिल्या महिन्यात वाचायला देते. बऱ्याच जणांना तो निराशाजनक वाटतो.

दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, रायन शॅनन, जॉन्स्टन आणि मँचेस्टर यांनी २३ वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि पल्सरचा स्वतःचा लहरीपणाही गणितात रीतसर धरला. तेव्हा झटक्यांची गरज उरली नाही. कक्षेचं सावकाश वळणं आणि तिच्या कलात होणारा बदल, दोन्ही दिसले. ताऱ्याचं विषुववृत्त आणि पल्सरची कक्षा यांचं न जुळणं, जे तबकडीच्या दुहेरी ओलांडण्यावरून वाटत होतं, तेच आता नुसत्या वेळेवरून निघालं. मधल्या काळात नवं तंत्र आलं, हे खरं. पण मोठा वाटा वाढलेल्या खेपांचा. ३.४ वर्षांची कक्षा एका संशोधनवृत्तीत एकदाच पुरी होते. दोन खेपांवर तीन-चार स्पष्टीकरणं सुखाने बसतात, चारवर दोन, आणि सात खेपांनंतर कुठे एकाला मागे सारता येतं. नोकरीच्या आणि अनुदानाच्या समित्यांना हे सांगून पाहावं.

हाच प्रकार छोट्या कक्षेत पाहायचा तर आपली आकाशगंगा सोडून लहान मेजेलॅनिक मेघात जावं लागतं, सुमारे दोन लाख प्रकाशवर्षं दूर. पीएसआर जे००४५-७३१९ तिथे एका बी वर्गाच्या, म्हणजे मोठ्या, तापट ताऱ्याभोवती ५१ दिवसांत फिरतो. या ताऱ्याला तबकडी नाही, वाराही नावापुरता, त्यामुळे स्पंद कुठेच अडत नाहीत. व्हिक्टोरिया कॅस्पी आणि सहकाऱ्यांनी तिथे दोन गोष्टी मोजल्या. कक्षा वळते आहे, आणि ती आखडते आहे, तीसुद्धा अशा गतीने की पाच लाख वर्षांच्या हिशेबात संपावी. गुरुत्वलहरींनी इतकं आखडणं अशक्य. ऊर्जा जाते ती ताऱ्याच्या पोटात: दर खेपेला पल्सर जवळून जाताना ताऱ्याच्या आतल्या वायूत भरतीच्या लाटा उठतात आणि तिथेच जिरतात. दाँग लाय यांनी दाखवलं की इतकं जलद जिरायला तारा पल्सरच्या उलट दिशेने फिरत असला पाहिजे. एकाच ढगातून जन्मलेली जोडी उलट कशी फिरेल? जन्मतः नाही. पल्सर ज्या स्फोटात तयार झाला तो एकांगी होता, त्याने पल्सरला लाथ मारली आणि कक्षेचं प्रतलच फिरवलं. लाखो वर्षांपूर्वीच्या एका लाथेचा पुरावा ५१ दिवसांच्या वेळापत्रकातून मिळाला, हे मला आजही जरा अति वाटतं.

पीएसआर जे१७४०-३०५२ ची गोष्ट उलट्या बाजूची. इंग्रिड स्टेअर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तो जाहीर केला. कक्षा २३१ दिवसांची, जोडीदार सूर्याच्या किमान अकरा पट. आकाशातल्या त्याच जागी एक फुगलेला थंड तारा दिसत होता, त्यामुळे तोच जोडीदार असं म्हणण्याचा मोह होता. पण इतका फुगलेला तारा असता तर कक्षा झपाट्याने वळायला हवी होती. ती वळत नव्हती. न दिसलेल्या परिणामावरून ठरलं की जोडीदार आटोपशीर, तापट तारा असला पाहिजे आणि समोरचा थंड तारा योगायोगाने रेषेत आलेला. पुढे अवरक्त निरीक्षणांनी तेच दाखवलं. हा पल्सर खोडदच्या आवाक्यात येतो.

असे पल्सर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके का, हा प्रश्न नेहमी येतो. साडेतीन हजारांहून जास्त पल्सरांच्या यादीत मोठ्या जळत्या ताऱ्याचे सोबती जेमतेम अर्धा डझनभर. एक कारण सरळ आहे: असे तारे फार जगत नाहीत, आणि पल्सरही आपली तरुण ऊर्जा लवकर खर्च करतो, त्यामुळे दोघं एकाच वेळी नजरेस पडण्याची मुदतच छोटी. दुसरं कारण वायूचं. कॅनडातल्या चाइम दुर्बिणीने २०२३ मध्ये जाहीर केलेला जे२१०८+४५१६ कक्षेचा मोठा भाग दिसतच नाही. चाइम रोज आकाश पाहते म्हणून तो सुटला नाही. महिन्यातून एकदा पाहणाऱ्या दुर्बिणीने त्याला एकदा दिसून गेलेला आणि पुन्हा न सापडलेला उमेदवार म्हणून सोडून दिला असता.

तिसरं कारण मात्र आमचंच, आणि माझं मन त्यात जास्त गुंतलं आहे. जे२०३२+४१२७ हा पल्सर २००९ मध्ये फर्मीच्या गामा किरणांत सापडला. तो हंस तारकासमूहातल्या तरुण ताऱ्यांच्या एका मोठ्या घोळक्यात दिसतो. सुरुवातीला तो एकटाच मानला गेला. फिरण्यात जो अनियमितपणा दिसे तो तरुणपणाचा, असं समजून चाललं होतं. इंग्लंडमधल्या जोड्रेल बँक रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी वाढत गेल्या तसा तो अनियमितपणा एका बाजूलाच झुकत राहिला. लहर अशी एकमार्गी नसते. २०१५ मध्ये अँड्र्यू लाइन आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की हा पल्सर एका मोठ्या ताऱ्याकडे कोसळतो आहे. आधी कक्षा वीस-तीस वर्षांची वाटली, पुढे ती ४५ ते ५० वर्षांची निघाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो जवळच्या टोकातून गेला तेव्हा व्हेरिटास आणि मॅजिक या गामा किरण दुर्बिणी त्याची वाट पाहत होत्या, आणि त्यांना हवं ते मिळालं. पुढची खेप २०६० च्या दशकात. त्याआधी त्याच्या कक्षेबद्दल कुणी छातीठोकपणे काही सांगू लागलं तर मी आकडे मागेन.

२०२३ मध्ये लोफार या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून जे०२१०+५८४५ पुढे आला. तोही बी वर्गाच्या ताऱ्याचा सोबती, कक्षा पुन्हा अर्धशतकाच्या घरातली, आणि इतक्या थोड्या काळाच्या नोंदींमुळे आकडा बराच सैल. तोही आधी नुसता विचित्र वाटला होता. तेव्हापासून मी एक कंटाळवाणं काम हाती घेतलं आहे. टायमिंगच्या तक्त्यांत ज्यांच्यापुढे अनियमितपणा जास्त अशी नोंद आहे, अशा पल्सरांचे जुने फरक पुन्हा काढायचे, ते कुठल्या एका बाजूला झुकतात का बघायचं, आणि त्या जागी एखादा तापट तारा आहे का, ते ताऱ्यांच्या याद्यांशी ताडून पाहायचं. बहुतेक वेळा काही निघत नाही: पल्सर खरोखरच लहरी असतो. काहींच्या बाबतीत नोंदींमध्ये वर्षानुवर्षांच्या फटी आहेत, कारण त्या काळात दुर्बिणीचा वेळ दुसऱ्या कुणाला मिळाला होता. दोन नावांपुढे मी पेन्सिलने खूण केली आहे. दोन्ही खोडदला दिसतात, आणि पुढच्या फेरीत त्यांच्यासाठी वेळ मागणारा अर्ज जवळजवळ लिहून झाला आहे.